वीस गुणांची खैरात नको, गणिताचा शिक्षक द्या

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये गणित जाणणारी माणसे हजारोंनी आहेत. त्याच पार्कच्या काचेच्या इमारतींपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, एका विहाराच्या सभागृहात आमची संध्याकाळची अभ्यासिका चालते. तिथे येणारी पोरे हिंजवडी, माण, मारुंजी या पट्ट्यातल्या सरकारी शाळांतली. कुणाचा बाप कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला, कुणाची आई हाउसकीपिंगला, कुणाचे आईबाप मराठवाड्यातून बांधकामावर आलेले आणि पत्र्याच्या खोलीत राहणारे. मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने वही उघडून विचारले, "दादा, उणे गुणिले उणे अधिक का होतं?" शाळेत काय सांगितलं, असे आम्ही तिलाच विचारले. ती म्हणाली, "सर म्हणाले, नियम आहे, पाठ करून टाक."

या सरांना नावे ठेवायला आम्ही बसलेलो नाही. सर मराठीचे आहेत. बी.ए., डी.एड. झालेले. सहावी ते आठवीचे गणित त्यांच्याकडे, विज्ञानही त्यांच्याकडे. वर पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणे आणि निवडणूक आली की मतदारयाद्यांचे काम. ज्या माणसाने स्वतः दहावीनंतर गणिताला हात लावलेला नाही त्याने पोरांना ऋण संख्या समजावून सांगाव्यात, ही अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थेला आम्ही नावे ठेवतो. पोरगी प्रश्न विचारते आहे. "का?" विचारणारी पोरगी तयार होणे हीच शिक्षणातली सर्वात अवघड गोष्ट, आणि ती झालेली आहे. उत्तर देणारा माणूस वर्गात नाही.

यावर शासनाने काय तोड काढली, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळ्यांना कळले. राज्याच्या शालेय शिक्षणाच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात अशी तरतूद सुचवली आहे की दहावीला गणित किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण पडले तरी विद्यार्थी पुढे जाईल. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा येईल, की याला पुढे गणित आणि विज्ञानाचे शिक्षण घेता येणार नाही. हेतू चांगला असल्याचे सांगितले गेले. दोन विषयांत अडकून पोरे शाळेबाहेर पडतात, त्यांना कला शाखेची वाट मोकळी व्हावी, असा. पोरे बाहेर पडतात हे खरेच आहे, आमच्या वस्तीत अशी किती तरी घरे आहेत. पण हा शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर पडणार, हे कुणी विचारले का? बावधन-बाणेरच्या लाखाची फी घेणाऱ्या शाळेतल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर तो पडणार नाही. त्याला शाळेत शिक्षक आहे, संध्याकाळी क्लास आहे, रविवारी घरी शिकवणी आहे. ज्या मुलाच्या शाळेत सहावीपासून गणिताचा शिक्षकच नव्हता त्याच्या नावावर तो शेरा पडणार. शिक्षक दिला नाही शासनाने, आणि शेरा मुलाला! शेरा द्यायचाच असेल तर तो शिक्षण विभागाच्या सेवापुस्तकात द्या.

ज्ञान कुणी घ्यायचे आणि कुणी घ्यायचे नाही हे एके काळी जन्मावर ठरत होते. आता ते शाळेच्या संच मान्यतेवर ठरणार. नाव नवे आहे, रांग तीच आहे.

कायदा काय सांगतो, ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी स्पष्ट म्हटले आहे की वर्गाला किमान एक शिक्षक, आणि शाळेत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक. म्हणजे गणित-विज्ञानाचा शिक्षक ही कुणाची मेहेरबानी नाही, कायद्याने ठरवलेली किमान गोष्ट आहे. त्याच कायद्याचे कलम २६ म्हणते की मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून जास्त पदे रिक्त ठेवता येणार नाहीत. आता यातून पळवाट कशी काढायची? पद मंजूरच करायचे नाही. जे पद मंजूर नाही ते रिक्त कसे म्हणणार? १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या शासन निर्णयाने हेच केले. सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर त्या वर्गांसाठी शिक्षक शून्य. शून्याचा शोध भारताने लावला याचा अभिमान बाळगणाऱ्या राज्यात शून्याचा असाही उपयोग होतो.

हिंजवडीत पटाची अडचण नाही, इथे पोरे मावत नाहीत. पण हिंजवडी ज्या मुळशी तालुक्यात आहे त्याच तालुक्याचे दुसरे टोक धरणाच्या पलीकडे डोंगरात आहे. तिथल्या वाडीतल्या शाळेला पट नाही म्हणून विषयशिक्षक नाही. इथे पट आहे तर त्या पदावर माणूस नाही. एकाच पंचायत समितीच्या हद्दीत दोन्ही तऱ्हा पाहायला मिळतात.

मग गणित-विज्ञान शिकलेली आपली पोरे शिक्षक का होत नाहीत? "आजकालच्या पोरांना पैसा पाहिजे" असे म्हणणाऱ्या माणसाने एकदा हिशेब मांडून पाहावा. आपल्यातली एक मुलगी घ्या. बारावी विज्ञान झाली, तीन वर्षे घालून बी.एस्सी. झाली. आता बी.एड., ते २०१५ पासून दोन वर्षांचे. त्याची फी, येण्याजाण्याचा खर्च, आणि दोन वर्षे घरात तिची कमाई नाही. मग टीईटी. ही टीईटी म्हणजे तीच परीक्षा, जिच्यात पैसे देऊन पास झालेले साडेसात हजारांहून जास्त उमेदवार २०२२ मध्ये अपात्र ठरवले गेले. तिकडे अभ्यास करून नापास झालेल्या आपल्या पोरांची वर्षे कुणी परत दिली? टीईटीनंतर अभियोग्यता चाचणी. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, तिसरी मे-जून २०२५ मध्ये. २०१८ ला बी.एड. होऊन बाहेर पडलेल्या मुलीने पाच वर्षे नुसती वाट पाहिली. त्याच्याही आधी २०१२ पासून भरतीवर बंदीच होती. एवढे सगळे पार करून ती पवित्र पोर्टलवरून निवडली गेली तर पहिली तीन वर्षे ती शिक्षण सेवक. मानधन महिना १६,००० रुपये. हेसुद्धा फेब्रुवारी २०२३ नंतरचे, त्याआधी सहा हजार होते.

सोळा हजारांत हिंजवडीत खोलीचे भाडे द्या आणि मेसचा डबा लावा, मग काय उरते ते सांगा. हीच मुलगी एखाद्या कंपनीच्या कॉल सेंटरला गेली तर तिला एवढे पैसे पहिल्या महिन्यापासून मिळतात आणि न्यायला गाडी येते. तिने काय करावे असे तुमचे म्हणणे आहे?

आणि आणखी एक गंमत. जुलै २०२३ मध्ये शासनाने निर्णय घेतला की जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर सेवानिवृत्त शिक्षक कंत्राटी घ्यायचे, महिना २०,००० रुपये देऊन. म्हणजे ज्यांना पेन्शन आहे त्यांना वीस हजार आणि जी मुलगी आयुष्य सुरू करणार आहे तिला सोळा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाह्य यंत्रणेमार्फत, म्हणजे खासगी एजन्सीकडून कंत्राटी पदे भरण्याचा शासन निर्णय आला. राज्यभर आरडाओरडा झाला तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. कंत्राटात रोस्टर नसतो, रोस्टर नसला की आरक्षण नसते. हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आरक्षण रद्द करण्यासाठी घटनेला हात लावायची गरजच नाही, पद कंत्राटी केले की काम झाले.

यावर उपाय आहे, आणि तो काही आमच्या डोक्यातून निघालेला नाही. सरकारने पैसे देऊन गणित-विज्ञानाचे शिक्षक घडवायचे, शिष्यवृत्ती द्यायची आणि त्या बदल्यात सरकारी शाळेत काही वर्षे शिकवण्याचा करार करून घ्यायचा. ब्रिटनमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हे विषय शिकवायला तयार होणाऱ्या पदवीधराला प्रशिक्षणाच्या एका वर्षासाठी सरकार २९,००० पौंड देत होते, हा २०२५-२६ चा आकडा. रुपयांत तो तीस लाखांच्या वर जातो. अमेरिकेत २००२ पासून रॉबर्ट नॉइस यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. त्यांची विज्ञान संस्था ती देते, आणि अट अशी की शिष्यवृत्तीच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षे गरजू भागातल्या शाळेत शिकवायचे. नाही शिकवले तर रक्कम कर्ज म्हणून फेडायची. नॉइस कोण? संगणकाच्या चिपचा एक जनक. ज्या चिपवर आपले आयटी पार्क उभे आहे तिच्या जनकाच्या नावाने तिकडे शाळामास्तर घडतात. आपल्याकडे आयटी पार्कला राजीव गांधींचे नाव आहे, मास्तरांचे काय ते पाहतोच आहोत.

आपल्याकडे हे कुणाला माहीत नाही असेही नाही. १९६३ मध्ये केंद्राने चार विभागीय शिक्षण महाविद्यालये काढली, अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर. बारावीनंतर थेट चार वर्षांत बी.एस्सी. आणि बी.एड. एकत्र, निवासी. महाराष्ट्र भोपाळच्या विभागात येतो. साठ वर्षे हा प्रयोग चालू आहे, पण आमच्या अभ्यासिकेतल्या बारावीच्या एकाही पोराने भोपाळचे नाव ऐकले नव्हते. नीट माहीत, जेईई माहीत, सीईटी माहीत. भोपाळ म्हटले की गॅसकांड. आम्हालाही हे उशिराच कळले, हे कबूल करतो.

आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण! त्या धोरणातल्या पुष्कळ गोष्टींवर आमचे मतभेद आहेत आणि ते आम्ही वेळोवेळी लिहिले आहेत. पण त्यातल्या ५.२ क्रमांकाच्या परिच्छेदात लेखी आश्वासन आहे की चांगले विद्यार्थी, विशेषतः ग्रामीण भागातले, शिक्षकी पेशात यावेत म्हणून चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी देशभर मोठ्या संख्येने शिष्यवृत्त्या सुरू केल्या जातील, आणि ग्रामीण भागातल्या शिष्यवृत्तीधारकांना पदवीनंतर आपल्याच भागात नोकरीत प्राधान्य मिळेल. आता गंमत पाहा. हिंजवडीत मेट्रो आली, उड्डाणपूल आले, वाहतूककोंडी पाहायला मंत्री पहाटे येऊन जातात. पण हा मजकूर लिहीपर्यंत कागदोपत्री हिंजवडीला ग्रामपंचायतच आहे. म्हणजे ग्रामीण भाग! मग आमच्या ग्रामीण हिंजवडीतल्या बारावी पास पोरीने ही शिष्यवृत्ती कोणत्या पोर्टलवर भरायची, ते शासनाने सांगावे. केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, बारावीत सर्वात वरच्या एक टक्क्यात येणाऱ्याला मूलभूत विज्ञान शिकायला वर्षाला ८०,००० रुपये. ती शास्त्रज्ञ होण्यासाठी. त्या शास्त्रज्ञाला सातवीत उणे गुणिले उणे कुणी शिकवायचे, त्या माणसासाठी मात्र काही नाही.

"गुणवत्तेवर आधारित" हा शब्द त्या धोरणात आहे, आणि त्याच्यापाशी थांबायला हवे. हा शब्द आला की आपले कान टवकारले पाहिजेत. गुणवत्ता म्हणजे बारावीचे टक्के असे धरले तर या शिष्यवृत्त्या कुणाकडे जातील हे सांगायला ज्योतिषी नको. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले ते काढून वाचा. प्राथमिक शाळेचा शिक्षक प्रशिक्षित हवा, तो शक्यतो शेतकरी वर्गातला हवा, कारण तो मुलांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा त्याला कळतील, वर्गाबाहेर सोवळे पाळून उभा राहणार नाही, आणि प्रशिक्षित शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, मोठ्या गावात पंधरा-वीस. जोतिरावांनी शिक्षकाची जात आणि शिक्षकाचा पगार या दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात मांडल्या. आजचे शिक्षणतज्ज्ञ पगारावर बोलतात, प्रशिक्षणावर बोलतात, जातीपाशी आले की त्यांना खोकला येतो.

पण आज आम्हाला जास्त बोलायचे आहे ते करारावर. कारण सरकारी पैशाने शिकून त्या बदल्यात सेवा करण्याचा करार आपल्या चळवळीच्या इतिहासात पहिल्या पानावर आहे. जून १९१३ मध्ये बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. तीन वर्षे महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, आणि शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी. शिष्यवृत्तीचे पैसे आले, बाबासाहेब कोलंबियाला गेले, तिथून लंडनला गेले. सप्टेंबर १९१७ मध्ये कराराप्रमाणे ते बडोद्यात हजर झाले. पुढचे आपल्याला पाठ आहे. शिपाई लांबून टेबलावर फाइली टाकायचे. शहरात खोली मिळेना. पारशी पथिकाश्रमात आपली ओळख लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. सयाजीरावांचे ऋण आपण मानतो आणि मानत राहू. पण या घटनेतून नुसते रडू येऊन उपयोग नाही, त्यातून धोरण शिकले पाहिजे. शिष्यवृत्ती राजाने दिली, करार राजाने केला, पण खोली समाजाने द्यायची होती आणि ती समाजाने दिली नाही. बाबासाहेबांनी बाजू पाळली. करार मोडला तो बडोद्याने.

सरकारी शिष्यवृत्तीवर शिकून आपली मुलगी गणिताची शिक्षिका झाली आणि तिला अशा गावात नेमणूक मिळाली जिथे घरमालक आधी आडनाव विचारतो, तर तिने काय करायचे? आपल्यातल्या कितीतरी शिक्षकांनी हे भोगले आहे. रोज साठ-सत्तर किलोमीटर जाऊन-येऊन नोकरी करणारे मास्तर कामचुकार म्हणून बदनाम होतात. त्यातल्या काहींना गावात खोलीच मिळत नाही, हे कुणी लिहीत नाही. आणि गावेच कशाला, हिंजवडीच्या सोसायट्यांतही भाड्याने फ्लॅट घेताना "व्हेज का?" म्हणून जो प्रश्न येतो त्याचा खरा अर्थ आपल्याला कळतो.

म्हणून आमची मागणी अशी की करार दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे. राज्य शासनाने सरकारी आणि अनुदानित शाळांतून बारावी विज्ञान झालेल्या अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि सर्व समाजांतल्या गरीब मुलामुलींसाठी चार वर्षांच्या बी.एस्सी.-बी.एड.ची शिष्यवृत्ती काढावी. पूर्ण फी, वसतिगृह आणि राहण्याजेवण्याचा खर्च दर महिन्याला खात्यावर. विद्यार्थ्याने आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी शाळेत पाच वर्षे शिकवण्याचे लिहून द्यावे. आणि शासनाने काय लिहून द्यावे? प्रवेशाच्या दिवशीच बिंदुनामावलीप्रमाणे कायम पद राखून ठेवल्याचे. शिक्षण सेवक नाही, मानधन नाही, पहिल्या दिवसापासून वेतनश्रेणी. नेमणुकीच्या गावी राहायला जागा. पदवी मिळाल्यापासून सहा महिन्यांत नेमणूक दिली नाही तर विद्यार्थ्यावरचा करार आपोआप रद्द. यातले एकही कलम वगळले तर ही शिष्यवृत्ती गरिबाच्या पोराला अडकवण्याचा सापळा होईल, हे आम्ही आत्ताच सांगून ठेवतो.

आपल्याच साथींकडून यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. डी.एड., बी.एड. झालेले हजारो बेरोजगार रस्त्यावर असताना नवीन शिष्यवृत्त्या कशाला? आधी यांना घ्या. बरोबर आहे, आधी यांनाच घ्या. ज्यांनी टीईटीच्या दुसऱ्या पेपरला गणित-विज्ञान निवडून ती पास केली आहे त्यांचा पहिला हक्क आहे, आणि शिष्यवृत्तीच्या नावाखाली चालू भरती एक दिवसही पुढे ढकलली तर आम्ही त्याला विरोध करू. पण चार वर्षांनी, आठ वर्षांनी निवृत्त होणाऱ्यांच्या जागी कोण येणार आहे, याची तयारी आज करावी लागते. आणि बेरोजगारांच्या त्या रांगेत भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली आपल्या वस्तीतली मुलगी किती दिसते, ते पाहा. ती रांगेपर्यंत पोहोचतच नाही. ती बारावीनंतरच गळते, कारण घरी चार वर्षे थांबायची ऐपत नाही. शिष्यवृत्ती तिच्यासाठी आहे.

पैसा कुठून आणायचा, हा शासनाचा आवडता प्रश्न. आम्हीच उत्तर देतो, गणित आम्हालाही येते. एका विद्यार्थ्यावर वर्षाला एक लाख खर्च धरा, चार वर्षांचे चार लाख. २०२५ च्या मे महिन्यात लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये वळवले गेले. आम्ही हे म्हणत नाही, खुद्द त्या विभागाच्या मंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या पैशांची गरज असलेल्या बहिणींशी आमचे भांडण नाही, त्या आमच्याच घरातल्या आहेत. पण त्यांना द्यायला अनुसूचित जातींच्याच वाट्याचा पैसा का? ४१० कोटी भागिले चार लाख, उत्तर १०,२५०. एका झटक्यात वळवलेल्या पैशांत दहा हजार गणित-विज्ञान शिक्षक पहिल्या वर्षापासून पदवीपर्यंत शिकून बाहेर पडले असते.

आणि राहण्याजेवण्याचा खर्च दर महिन्याला हवा असे आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण भारत सरकार शिष्यवृत्तीचा अनुभव ताजा आहे. अनुसूचित जातींसाठीची ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असतानाची. त्याआधी २९ ऑक्टोबर १९४२ ला व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनातच त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी खास शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. ऐंशी वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी विज्ञानावर बोट ठेवले होते! आज त्या शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि इतर योजनांत ती आठ लाखांवर गेली आहे. पैसे येतात ते वर्ष संपल्यावर. तोपर्यंत पोरगा कर्जबाजारी होतो किंवा कॉलेज सोडून डिलिव्हरीच्या गाडीवर बसतो. शिष्यवृत्ती उशिरा देणे आणि न देणे यांत गरिबाच्या घरी फरक नसतो.

थोडे स्वतःकडेही पाहू. आमच्या अभ्यासिकेत शिकवणारे निम्मे साथी याच आयटी पार्कमध्ये नोकरीला आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी येतात, रिलीज असली की तेही जमत नाही. कंपन्यांचे सीएसआरवालेही शाळांत येतात, भिंती रंगवतात, टॅब देतात, फोटो काढतात आणि मार्च संपला की निघून जातात. त्यांच्यात आणि आमच्यात हेतूचा फरक असेल, पण मुलीच्या बाजूने पाहिले तर दोघेही पाहुणे. तिला रोज सकाळी वर्गात येणारा, तिची मागच्या वर्षीची चूक लक्षात ठेवणारा शिक्षक हवा. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जागतिक पातळीवरचा उत्तम शाळेचा पुरस्कार मिळाला. चाकणच्या पट्ट्यातली, आपल्याच जिल्ह्यातली, सरकारी शाळा. तिथे शिक्षक टिकून उभे राहिले म्हणून ते झाले. पण एका शाळेचे कौतुक करून बाकीच्यांची रिकामी पदे झाकायची, हा खेळही आपल्याला माहीत आहे.

आणि जयंतीचा मुद्दा काढला की काही साथी रागावतात, तरी काढतो. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात आमची अभ्यासिका किती महिने चालते, तो हिशेब आम्ही मागच्या एप्रिलमध्ये फलकावर लिहून लावला होता. दोन दिवसांनी फलक कुणीतरी काढून टाकला. आपली हुशार पोरे एमपीएससीच्या अभ्यासिकांत पाच-पाच वर्षे घालवतात, कारण साहेब होण्याला मान आहे. मास्तर होण्याला मान देणे तरी आपल्या हातात आहे. सावित्रीमाईंची जयंती शिक्षिका दिन म्हणून आपणच साजरी करतो ना?

तर काम काय करायचे, ते सांगतो. शासनाशी भांडायला आकडे लागतात आणि ते आकडे आपल्याला कुणी आणून देणार नाही. आम्ही या आठवड्यात पुणे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज देत आहोत. मुळशी तालुक्यातल्या सहावी ते आठवीचे वर्ग असणाऱ्या प्रत्येक शाळेत गणित-विज्ञान विषयाची मंजूर पदे किती, भरलेली किती, भरलेल्या पदांवरच्या शिक्षकांची पदवी कोणत्या विषयाची, आणि १५ मार्च २०२४ च्या निर्णयानंतर किती शाळांत पदसंख्या शून्य झाली. एवढेच विचारतो आहोत. ज्या तालुक्यात तुम्ही आहात तिथे, खेड, मावळ, हवेली, शिरूर, तुम्हीही हाच अर्ज द्या. पिंपरी-चिंचवडच्या साथींनी महापालिकेच्या शिक्षण विभागाला द्यावा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर त्याच कारणावरून परत पाठवतील. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. पोच घ्यायला विसरू नका, आणि उत्तर आले की त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. जय भीम.